‘ही फाइल न्हवं, फोटू हाय’: एका चटणीच्या लोगोसाठी साधन निवडताना

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सासू-सून मिळून कांदा-लसूण चटणी करतात. बाहेरचे लोक तिला मसाला म्हणतात, इकडे ती चटणीच. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला लवंगी, आणि डंकावर कुटताना सासूबाई स्वतः समोर उभ्या. बरीच वर्षं हा माल ओळखीपाळखीत आणि बचत गटांच्या प्रदर्शनांत साध्या पिशवीतून विकला जायचा. २०२३ च्या दिवाळीआधी त्यांनी बसस्टँडजवळ एक गाळा घेतला आणि पहिल्यांदाच पाटी, पाकीट, कापडी पिशवी, शिक्का हे सगळं एकदम लागायला लागलं.

ओळख उघड होऊ नये म्हणून गावाचं आणि चटणीचं नाव इथे देत नाही. पण नावातली अक्षरं कशी होती ते सांगायलाच हवं, कारण निम्मी गोष्ट त्यांचीच आहे. सुरुवातीला श, मध्ये एक जोडाक्षर, त्याला पहिली वेलांटी, आणि शेवटी ल.

लोगो सूनबाईंनी स्वतःच केला होता, वर्षभरापूर्वी, मोबाइलवरच्या एका अॅपमध्ये. तयार साचा निवडला, त्यातली मिरची ठेवली, नाव बदललं. मिरचीला लालपासून नारिंगीपर्यंत उतरत जाणारी छटा, वर इंग्रजीत मोठं नाव, खाली बारीक मराठी. फुकटात मिळाली ती ५०० बाय ५०० पिक्सेलची पीएनजी. व्हॉट्सअॅपच्या डीपीला, स्टेटसला ती छान दिसायची, आणि त्या वर्षात तेवढंच काम होतं. त्यांनी तेव्हा चूक केली असं मला अजिबात वाटत नाही. माल चालेल की नाही हेच माहीत नसताना लोगोवर पैसे का घालायचे?

अडचण

पाटीवाल्याने मोबाइलवर चित्र पाहिलं आणि म्हणाला, “वहिनी, ही फाइल न्हवं, फोटू हाय. ओपन फाइल असंल तर द्या.”

त्याचं बरोबर होतं. त्याला हवी होती व्हेक्टर फाइल, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांनी बनलेली, कितीही मोठी केली तरी न फाटणारी. ५०० पिक्सेल म्हणजे ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापल्यावर जेमतेम सव्वाचार सेंटिमीटर. तोच चौकोन तीन फूट उंचीच्या पाटीवर ताणला तर एका इंचात चौदाच ठिपके येतात. लांबून कदाचित खपेल, पण गाळा रस्त्याला लागून आहे आणि माणसं पाटीखालीच उभी राहणार.

मग जे सगळीकडे होतं तेच झालं. पाटीवाल्याच्या ऑपरेटरने डोळ्यांनी बघून कोरल ड्रॉ या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन मिरची काढली. स्टिकर छापणाऱ्याने त्याच पीएनजीवरून आपली वेगळी काढली. पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्याला छटा नको होती, त्याने सपाट लाल भरला. महिन्याभरात तीन मिरच्या आणि अक्षरांची तीन वळणं तयार झाली.

स्टिकरवर त्याहून वाईट घडलं. नाव व्हॉट्सअॅपवरून कॉपी करून जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवलं गेलं. जोडाक्षर फुटून हलंत दिसायला लागला, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर आली. पाचशे स्टिकर छापून झाल्यावर ते कळलं. सासूबाईंनी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, “हे आपलं नाव न्हाई.” मी लोगो आणि अक्षरं काढून द्यायचं काम करते. सूनबाईंनी मला फोन केला तो त्या संध्याकाळी.

आणखी एक गोष्ट होती, ती मी गेल्यावर निघाली. दुकानांच्या पाट्यांबद्दलच्या राज्याच्या कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे मराठी देवनागरी अक्षरं आधी हवीत आणि इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांनाही हे लागू आहे. त्यातच सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांत हे पाळायला सांगितलं होतं. इथे तर लोगोतच इंग्रजी मोठं आणि मराठी खाली बारीक. म्हणजे आहे तो लोगो स्वच्छ करून दिला असता तरी पाटी नियमात बसली नसती.

समोरचे पर्याय

सूनबाईंचा पहिला प्रश्न होता, “ताई, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?” मी त्यांना उलट विचारलं, हा लोगो कोणाकोणाच्या हातात जाणार? आम्ही चहा घेत वहीत यादी केली: पाटीवाला, स्टिकरवाला, पिशवीवाला, शिक्केवाला, टेंपोवर रेडियम लावणारा, पुढेमागे छापील पाउच करणारा, आणि त्यांचा स्वतःचा मोबाइल. या सातांपैकी सहा जण स्वतःच्या मशीनवर स्वतःच्या सॉफ्टवेअरने फाइल उघडणार होते. साधन निवडायचं ते या सहांकडे बघून, असं मी त्यांना सांगितलं, आणि त्या यादीनेच पुढचे बरेच निर्णय केले.

आहे तेच चित्र ट्रेस करून घ्यायचा, म्हणजे ठिपक्यांवरून सॉफ्टवेअरकडूनच रेषा काढून घ्यायचा पर्याय सगळ्यात स्वस्त होता. इंकस्केपमध्ये ट्रेस बिटमॅप आहे, कोरलमध्ये पॉवरट्रेस, इलस्ट्रेटरमध्ये इमेज ट्रेस. मी त्यांच्यासमोरच करून दाखवलं. मिरचीच्या छटेचे पट्टे पट्टे झाले, शेकडो नोड (रेषेवरचे बिंदू) पडले आणि अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या दिसायला लागल्या. फाइल व्हेक्टर झाली, पण कापायच्या मशीनला देण्यासारखी नाही. त्याहून मोठी अडचण हक्काची. साच्यातली मिरची हजारो लोकांना वापरायला मिळते. अशा साच्यांच्या अटी वाचल्या तर त्यातली तयार चित्रं असलेला लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही असंच बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. सूनबाईंना नोंदणी करायची होतीच. त्यामुळे जुनी मिरची इथेच सोडली. त्यांना थोडं वाईट वाटलं, ते मला कळत होतं.

अॅडोबी इलस्ट्रेटर उत्तम आहे, पण भाडं भरत राहावं लागतं. भाडं थांबलं की आपलीच फाइल उघडायला दुसऱ्याचं दार वाजवायचं. शिवाय त्यात देवनागरी टाइप करायची तर दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवणारी सोय, सेटिंगमधून चालू करावा लागतो, नाहीतर वेलांटी आणि जोडाक्षरं तशीच मोडतात. वर्षातून चारदा पत्रक करणाऱ्या घरासाठी हे ओझं होतं.

कोरल ड्रॉ म्हणजे आपल्याकडच्या छपाईची बोलीभाषा. फ्लेक्स, पत्रिका, शिक्का, रेडियम, कुठेही जा, समोर कोरलच उघडं असतं. १९८९ पासूनचं हे सॉफ्टवेअर इथल्या गल्लीबोळात जितकं मुरलंय तितकं दुसरं कुठलं नाही. पण त्यातही मेख आहे. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली सीडीआर फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि दुकानोदुकानी आवृत्ती वेगळी. मराठीसाठी अनेक ऑपरेटर अजून श्रीलिपीसारखे जुने, युनिकोडपूर्वीचे (अक्षरांचे सगळीकडे सारखे संकेत येण्याआधीचे) फॉन्ट वापरतात. तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही त्याच्या मशीनवर ते नाव म्हणजे निव्वळ चिन्हांचा गोंधळ. म्हणून तर प्रत्येक जण “कर्व्ह करून पाठवा” म्हणतो, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषा करून.

इंकस्केप फुकट आणि मुक्त स्रोत. त्याची मूळ फाइल एसव्हीजी, व्हेक्टर चित्रांचा खुला प्रकार, म्हणजे उद्या इंकस्केप बंद पडलं तरी ती उघडणारी दहा साधनं आहेत. युनिकोड मराठी त्यात नीट बसते. सूनबाईंच्या चार जीबीच्या जुन्या लॅपटॉपवरही ते चाललं, कुरकुरत का होईना. उणीव एकच, पण मोठी. त्यातून निघणारी पीडीएफ आरजीबी रंगात, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत निघते, आणि छापखाना चालतो सीएमवायकेवर, म्हणजे निळसर, मजेंटा, पिवळ्या आणि काळ्या शाईवर.

कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र काढून देणारी साधनंही त्यांच्या भाच्याने वापरून पाहिली होती. मिरच्या झकास आल्या. नावाच्या जागी मात्र देवनागरीसारखं दिसणारं, पण कुठल्याच भाषेतलं नसलेलं काहीतरी आलं. आणि तेही पुन्हा पिक्सेलचंच चित्र.

काय केलं

अक्षरं आणि खूण इंकस्केपमध्ये काढायची, मूळ फाइल घरात एसव्हीजी म्हणून राहणार, आणि छापखान्याकडे जाणारी प्रत कोरलमध्ये नेऊन तिथे रंग पक्के करायचे असं ठरलं. कोरल विकत घ्यायचं नाही, ज्याच्याकडे छापायचं त्याच्याच मशीनवर अर्धा तास बसायचं. रोजच्या स्टेटससाठी आणि सणाच्या शुभेच्छांसाठी कॅनव्हासारखं मोबाइलवरचं साधन चालू ठेवायचं, पण त्यात लोगो बनवायचा नाही, तयार लोगो फक्त आणून ठेवायचा.

मग अक्षरं. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घातला आणि त्याबद्दल मला जराही खंत नाही. मुक्त परवान्याचे चांगले देवनागरी फॉन्ट आता आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट त्यातलेच, आणि त्यांचा परवाना लोगोत वापरायला आड येत नाही. पण आमच्या नावात श होता आणि ल होता. मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयानेही हीच रूपं मराठीसाठी ठरवून दिली आहेत. बरेच फॉन्ट मात्र टाइप केलं की हिंदी वळण समोर ठेवतात. काहींत मराठी रूपं आत असतात, पण ती भाषेचं सेटिंग बदलल्यावरच बाहेर येतात, आणि चार ठिकाणच्या चार मशीनवर ते सेटिंग कोण बदलणार? जुन्या लोगोतला ल हिंदी वळणाचा होता. सूनबाईंच्या ते लक्षातही आलं नव्हतं, सासूबाईंना मात्र “कायतरी परकं” वाटत होतं.

सासूबाई डब्यांवर खडूने नाव लिहायच्या. मी त्यांना कागद आणि जाड मार्कर दिला आणि दहा वेळा नाव लिहून घेतलं. सातव्या वेळचा ल अप्रतिम आला होता, दोन भरदार पाकळ्या आणि दांडा जरा पुढे झुकलेला. त्याचा फोटो खाली ठेवून मी त्यावरून कर्व्ह ओढले. श सुद्धा त्यांचाच. जोडाक्षर आणि वेलांटी मी जुळवून घेतली. मिरची वेगळी काढलीच नाही, वेलांटीलाच मिरचीचा बाक दिला. म्हणजे खूण आणि नाव एकच झालं, आणि कोणी ऑपरेटर मिरची वेगळी करून आपली नवीन लावू शकत नाही.

रंगाचा निर्णय छपाईच्या हिशेबाने झाला. पिशवीवर प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. ग्रॅव्ह्युअर पद्धतीने पाउच छापायचे झाले तर प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर, आणि त्याचा खर्च पहिल्याच ऑर्डरमध्ये अंगावर येतो. छटा तर स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला ठिपक्यांत फोडूनच छापावी लागते. म्हणून एक सपाट लाल, आणि तो नसेल तेव्हा नुसता काळा. लाल कोणता? मॉनिटरवरचा केशरट झळाळता लाल शाईत उतरत नाही, तो विटकरी होतो. कुठल्याही छापखान्यात “एम शंभर, वाय शंभर” म्हटलं की जो लाल निघतो तोच आम्ही घेतला. मजेंटा १००, पिवळा १००, बाकी शून्य. मोबाइलवर तो थोडा कमी चमकतो. पण पाकीट, पाटी आणि पिशवी शेजारी ठेवली तर लाल बराचसा एक दिसतो.

काळी प्रत फक्त शिक्क्यासाठी नव्हती. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १० प्रमाणे रंगाची मर्यादा न घालता नोंदवलेली खूण सगळ्या रंगांसाठी नोंदवली असं धरलं जातं. म्हणून अर्ज काळ्या-पांढऱ्या प्रतीचा केला. चटणी-मसाल्यासाठी वर्ग ३०. लोणच्याचा विचार पुढेमागे आहे, पण ते वर्ग २९ मध्ये जातं आणि व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाला प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये पडतात, म्हणून ते नंतर.

शेवटचा कागद माझ्या सहीचा. आपण पैसे दिले म्हणजे लोगो आपला, असं बहुतेक व्यावसायिक धरून चालतात. कॉपीराइटच्या कायद्यात तसं नाही. मी त्यांची नोकर नव्हते, त्यामुळे लोगोच्या आकृतीची पहिली मालक मी ठरते, आणि हक्क द्यायचा तो लेखी, सही करून द्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नाही तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. त्यांचा एक नातेवाईक दुबईला चटणी नेतो. म्हणून “कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी” असे शब्द घालून मी लिहून दिलं.

निष्पत्ती

पाटी लागली. वर मराठी मोठं, खाली इंग्रजी लहान, आणि कोणी काही म्हणायचा प्रश्न राहिला नाही. नवीन स्टिकरवर अक्षरं पहिल्या फेरीतच बरोबर आली, कारण नाव आता टाइप केलेला मजकूर नव्हता, आकृती होती. शिक्का तर नुसता बघत राहावा असा आला.

रेडियमचं मात्र चुकलं, आणि चूक माझी होती. टेंपोच्या दारावर लाल रेडियम कापून लावायचं होतं. प्लॉटरचं, म्हणजे कापायच्या मशीनचं, पातं बाह्यरेषेवरून फिरतं, आत रंग भरलाय का हे त्याला कळत नाही. देवनागरीत प्रत्येक अक्षर आपली शिरोरेषा घेऊन येतं आणि ती शेजारच्या अक्षरात थोडी घुसलेली असते. पडद्यावर आणि कागदावर सलग रेघ दिसते. मी अक्षरं पाथ केली होती, म्हणजे मजकुराच्या रेषा केल्या होत्या, पण एकमेकांत जोडली नव्हती. इंकस्केपमध्ये युनियन, कोरलमध्ये वेल्ड, एका सेकंदाचं काम. ते राहिलं आणि पात्याने शिरोरेषेवर प्रत्येक अक्षराच्या सांध्यात चिरा पाडल्या. दारावर चिकटवताना त्या जागीच रेडियम उचलायला लागलं. दुसरं कापावं लागलं, त्याचे पैसे मी दिले. छापील प्रतीत ही चूक कधीच दिसली नसती, म्हणून ती कोणाच्या डोळ्याला आली नाही.

नव्या स्टिकरच्या वेळी रंगासाठी काढलेलं एक प्रूफही (नमुन्याची छपाई) वाया गेलं. मी घाईत इंकस्केपमधली पीडीएफ सरळ पाठवली आणि लाल मळका आला. मग छापणाऱ्याच्या कोरलमध्ये बसून रंग बदलले, आणि ती सीडीआर त्याच्याच आवृत्तीत सेव्ह करून सूनबाईंच्या पेनड्राइव्हवर घेतली.

आता त्यांच्या लॅपटॉपवर एक फोल्डर आहे. मूळ एसव्हीजी, जोडून सपाट केलेली काळी पीडीएफ, लाल सीएमवायके पीडीएफ, जुन्या आवृत्तीतली सीडीआर, आणि मोबाइलसाठी पारदर्शक पार्श्वभूमीची मोठी पीएनजी. ज्याला जे हवं ते सूनबाई स्वतः पाठवतात. मध्ये एका छापणाऱ्याने “जरा मिरची वेगळी टाकू का?” विचारलं तेव्हा त्यांनीच सांगितलं, “नको दादा, वेलांटीच मिरची हाय.”

आता करायचं तर काय वेगळं करेन

सात जणांची यादी केली, पण त्यातल्या एकालाही मी आधी फोन केला नाही. तिथे चुकले. प्रत्येकाला दोनच प्रश्न पुरे होते: कोरलची कुठली आवृत्ती, आणि फाइल कशी लागते. रेडियमवाल्याने मला पहिल्याच वाक्यात सांगितलं असतं, “मॅडम, वेल्ड करून द्या.” पुढच्या कामापासून लोगो हातावेगळा करण्याआधी मी नुसत्या बाह्यरेषांचं दृश्य लावून बघते. इंकस्केपमध्ये त्याला आउटलाइन मोड आहे, कोरलमध्ये वायरफ्रेम. तिथे शिरोरेषेत एकही आडवी-उभी भेग दिसली की फाइल तयार नाही.

साधनाच्या निवडीबद्दल मात्र मला अजून पूर्ण खात्री नाही. सूनबाईंनी इंकस्केप शिकायचा प्रयत्न मनापासून केला, पण चटणीच्या हंगामात, उन्हाळ्यात, त्यांना लॅपटॉप उघडायला वेळ नसतो. फाइल घरात असणं महत्त्वाचं होतं, ती त्यांनीच संपादित करणं तितकंसं नव्हतं. हे मी आधी ओळखलं असतं तर त्यांना शिकवण्यात घातलेल्या तीन दुपारी वाचल्या असत्या आणि मी थेट कोरलमध्येच काढून एसव्हीजी प्रत सोबत दिली असती. उलट, एखादी तरुण मुलगी स्वतः पॅकिंगचं काम बघणारी असती तर मी पुन्हा इंकस्केपच सांगितलं असतं.

इंग्रजी नावाकडे मी कमी लक्ष दिलं. ते एका साध्या फॉन्टमध्ये खाली ठेवलं आणि मराठी अक्षरांच्या जाडीशी ते जुळत नाही. दुबईच्या पाकिटावर ते ठळकपणे दिसतं. पाउच छपाईला जाण्याआधी ते नव्याने काढायचं ठरलंय, आणि त्यासाठी सूनबाईंनी त्यांच्या मुलीच्या वहीतलं इंग्रजी अक्षर मला पाठवून ठेवलं आहे.